चार रोल आणि खोटं बोलणारं मीटर

पाच दिवसांच्या भटकंतीला एकच जुना यांत्रिक कॅमेरा, ३५ मिमीची लेन्स आणि आयएसओ ४००चे (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाश टिपण्याची क्षमता) चार कृष्णधवल रोल नेले होते. पहिला रोल कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर विसंबून काढला. तो संपता संपता लक्षात आलं, की भर उन्हात मीटर एफ/१६ला (हे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) १/१००० सेकंद दाखवतंय. लख्ख उन्हात एफ/१६ ठेवलं की शटर एक भागिले आयएसओ इतके सेकंद, म्हणजे इथे १/५००च्या आसपास उघडं हवं. पूर्ण एक स्टॉप चूक, म्हणजे फिल्मला निम्माच प्रकाश!

दोष माझाच. कॅमेरा १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनलेला आणि मी आत घातला होता १.५ व्होल्टचा अल्कलाइन. काही कॅमेऱ्यांचं सर्किट हा फरक पचवतं, माझ्याचं नाही. असा कॅमेरा नेणार असाल तर श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा १.४ व्होल्टचा सेल वापरा. तो थोडा लहान असतो, कडेने रिंग लागते. स्टिकर काढला की तो नुसता पडूनही काही आठवड्यांत संपतो, म्हणून दोन न्या. पहिला रोल मी लॅबला एक स्टॉप पुश करायला, म्हणजे जास्त वेळ डेव्हलप करायला सांगितला. काम भागलं, पण सावल्यांत जे उमटलंच नव्हतं ते परत येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मीटरकडे बघणं सोडलं. सकाळी आकड्यांच्या तीनच जोड्या तळहातावर लिहिल्या: ऊन १/५००, एफ/१६, मोकळी सावली १/२५०, एफ/८, खोल गल्ली १/१२५, एफ/४. गंमत म्हणजे यानंतरच फोटो सापडायला लागले. तोवर मी माणसांच्या मागे धावत होतो. आता आधी उजेड शोधायला लागलो.

तिसऱ्या दिवशी एका अरुंद गल्लीत पायऱ्यांवर उन्हाची जेमतेम हातभर पट्टी पडली होती. एक्स्पोजर उन्हाचं लावलं, बाकीचं काळं होईल ते होऊ दे म्हटलं. एफ/८वर फोकस अडीच मीटरला ठेवला, म्हणजे साधारण १.७ ते ५ मीटरपर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट. मग भिंतीला टेकून थांबलो. चाळीसेक मिनिटं काहीच नाही. (कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू.) शेवटी एक माणूस खांद्यावर शिडी घेऊन उतरला. शिडीची सावली पायरीपायरीवर मोडत गेली. पहिली फ्रेम त्याला कळलीही नाही. दुसऱ्या फ्रेममध्ये तो थेट माझ्याकडे बघतोय. मी कॅमेरा खाली घेऊन मान हलवली, तोही हसला. कोणी हाताने नको म्हटलं तर मात्र तिथेच थांबावं, लपूनछपून दुसरा प्रयत्न करू नये.

पांढऱ्या भिंतींपाशी जपा. मीटरला सगळं जग मध्यम करडं वाटतं, त्यामुळे भिंतही करडी येते. उन्हात धरलेल्या तळहाताचं माप घेऊन एक स्टॉप जास्त द्या. हे निगेटिव्हसाठी, तिला जादा प्रकाश सोसतो. डिजिटलवाल्यांनी आधी उजळ भाग जपावा, तिथला तपशील एकदा गेला की गेला.

विमानतळावर नव्या सीटी स्कॅनरमध्ये रोल घालू नका, हाताने तपासायची विनंती करा.

चार रोलांतून नऊ फोटो ठेवले. त्यातले सात दोनच कोपऱ्यांवरचे आहेत. शिडीवाल्याची दुसरी फ्रेम पहिलीपेक्षा चांगली आली.