झोर्न पॅलेट, नोंद तिसरी: काळ्यातला निळा

तैलरंगांच्या मिश्रणांचा साठ चौकटींचा तक्ता पुरा झाला. आधाराला स्वीडिश चित्रकार अँडर्स झोर्नच्या 1896 च्या आत्मचित्रात त्याच्याच हातात दिसते ती पॅलेट: पांढरा, येलो ऑकर (मातकट पिवळा), वर्मिलियन (शेंदरी लाल), काळा. झोर्न जन्मभर एवढेच चार रंग वापरायचा असं सांगतात, ते खरं नाही. पण शिकायला हे चार पुरतात.

वर्मिलियन म्हणजे पाऱ्याचं संयुग, म्हणून त्याच्या जागी कॅडमियम रेड लाइट. ट्यूबवर 'ह्यू' छापलेलं असलं तर आत कॅडमियम नसतं, म्हणून पिगमेंट क्रमांक पाहा: पीआर 108 हवा. काळा म्हणजे आयव्हरी ब्लॅकच, पीबीके 9. मार्स ब्लॅक (पीबीके 11) पांढऱ्यात घातला की राखाडी तपकिरीकडे झुकतो आणि सगळा खेळ तिथेच संपतो, कारण या पॅलेटवर निळ्याचं काम काळ्याला करायचं असतं.

तक्ता असा: ऑकर-लाल, ऑकर-काळा, लाल-काळा या तीन जोड्या, प्रत्येकीत 3:1, 1:1, 1:3. नऊ मिश्रणं आणि तीन शुद्ध रंग, म्हणजे बारा ओळी. प्रत्येक ओळीत पहिली चौकट बिनपांढऱ्याची, पुढच्या चारांत पांढरा वाढवत न्यायचा. चौकट 2 सेंमीची. मिश्रण पॅलेट नाइफनेच करा. ब्रशच्या मुळाशी आधीचा रंग अडकून राहतो आणि तिसऱ्या ओळीपासून सगळं मळकट दिसू लागतं.

मापात फसगत ठरलेली. कॅडमियम ऑकरला गिळून टाकतो, त्यामुळे मापाने 1:1 केलेली चौकट लालच दिसते. म्हणून प्रमाण डोळ्यांनी ठरवा: वाटाण्याएवढ्या ऑकरमध्ये मोहरीएवढा लाल, मग थोडा थोडा वाढवत. टायटॅनियम व्हाइटचंही, म्हणजे आजच्या पांढऱ्याचंही, तेच. जुना शिशाचा पांढरा सौम्य होता, हा जोरकस आणि थंड. जरा जास्त पडला की त्वचेला खडूची कळा येते. अशा वेळी आणखी लाल ओतू नका, ऑकर घाला.

सावळ्या चेहऱ्यासाठी पांढरा अगदी शेवटी. मूळ रंग ऑकर चार भाग, लाल एक, काळा अर्धा. सावलीत लाल-काळा, ऑकर जवळपास नाहीच. कपाळावरच्या चमकेला नुसता पांढरा लावला तर ठिगळ दिसतं. त्यात काळ्याचा कण टाकला की चमक थंड होते आणि शेजारची त्वचा आपोआप उबदार वाटते.

पुढचा अभ्यास पुण्यातल्या पाताळेश्वर लेण्याचा दगड, ढगाळ सकाळी. बेसॉल्टला काळा-पांढरा आणि चिमूटभर ऑकर. शेवाळ ऑकर-काळ्यातून निघतं, तो ऑलिव्ह हिरवा अगदी नेमका. राखाडी आभाळ ऑकरच्या शेजारी ठेवलं की निळं भासतं. वेगळं काढून पाहिलं तर राखाडीच. झेंडू, बोगनवेल, हिरवी पैठणी यांच्या नादी लागू नका: ऑकर पिवळा असला तरी मंद आहे, आणि किरमिजीकडे झुकणारा लाल इथे नाहीच.

पावसाळ्यात आयव्हरी ब्लॅक वाळायला फार वेळ घेतो. काळ्याच्या ओळी पातळ द्या, जवसाचं तेल वरून घालू नका. तेलाची फडकी चुरगाळून टाकली तर आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवूनच टाका.