दहा मिनिटांत एक तांब्या

परवा संध्याकाळी झाडांना पाणी घालताना चप्पल ओली लागली म्हणून खाली बघितलं. बागेचा हिरवा पाईप नळापासून हातभर अंतरावर चिरला होता आणि तिथून बारीक धार लागली होती. लातूरहून आणलेला तांब्या त्या धारेखाली ठेवला आणि मोबाईलवर वेळ लावली. दहा मिनिटांत काठोकाठ! लिटरभराचा तांब्या, म्हणजे तासाला सहा लिटर. नळ दिवसभर सुरू राहिला तर 144 लिटर. आणि तो राहतोच, कारण इथे मेलबर्नला पाईपाच्या टोकाला पिस्तुलासारखा नोझल असतो. खटका सोडला की पाणी थांबतं, मग नळापर्यंत कोण जातं?

मैत्रीण म्हणाली, नवीन घे, स्वस्त मिळतो. माझ्याच्यानं होईना.

ज्यांनी 2016 चा उन्हाळा लातुरात काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मांजरा धरण आटलेलं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, एकेकीत 50 हजार लिटर. आमच्या अंगणातल्या टिपाडावर तेव्हा झाकण असायचं आणि झाकणावर दगड. भांडी विसळलेलं पाणी आई कढीपत्त्याला घालायची.

मेलबर्नला नळ रात्री दोनलाही येतो, पण या गावानेही दुष्काळ बघितलाय. 1997 ते 2009 असा लांबलचक. 2008 मध्ये सरकारने माणशी दिवसाला 155 लिटरमध्ये भागवा असं आवाहन केलं होतं. म्हणजे माझा पाईप जवळजवळ एका माणसाचं पाणी सांडत होता. त्या काळापासूनचे काही नियम कायम आहेत. हातात धरायच्या पाईपाला खटक्याचा नोझल हवा आणि पाईप गळका नको, हे चक्क नियमात लिहिलंय. मला तो नियम फार आवडतो.

अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. इथे संध्याकाळचे सहा, तिकडे दुपारचे साडेबारा. ते नुकतेच शेतातून आले होते.

"काय झालंय त्याला फेकायला? सायकलची जुनी ट्यूब असंल की घरात. पट्टी काप अन् ताणून गुंडाळ."

मुलाच्या सायकलची ट्यूब होती. अण्णांनी दाखवल्यासारखी एकावर एक चढवत गुंडाळली, गाठ मारली. खटका दाबून नळ सोडला, गळती थांबली. खटका सोडल्याबरोबर मात्र पट्टीखालून पाणी फुसफुसत आलं. अण्णा क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले, "तुझं तोंड बंद हाय गं. आपल्या पाईपाचं तोंड सारीत मोकळं असतं." बरोबर होतं. शेतात पाणी पुढे निघून जातं, दाब साचत नाही. इथे नोझल बंद झाला की नळाचा सगळा दाब त्या चिरेवर. त्यात उन्हात तापून प्लॅस्टिक कडक झालेलं.

"मग जॉइनर टाक. ठिबकच्या नळीला टाकतो तसा."

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून जॉइनर, म्हणजे पाईपाचे दोन तुकडे जोडायचा सांधा, आणला. पाईप 12 मिलीमीटरचा की 18 चा ते आधी बघून जा. हे माप आतल्या पोकळीचं असतं आणि बहुतेक पाईपावरच छापलेलं असतं. नळ बंद करून खटका दाबला, आतलं पाणी जाऊ दिलं. चिरेच्या दोन्ही बाजूंनी बोट-बोट सोडून पाईप धारदार सुरीने सरळ कापला. तिरका कापला तर नीट बसत नाही. जॉइनरचे दोन्ही नट आधी पाईपावर ओवून घ्यायचे, ही आठवण अण्णांनी केली, नाहीतर पुन्हा सगळं काढावं लागलं असतं. जॉइनर काही पाईपात शिरेना. मग पेल्यात गरम पाणी घेऊन पाईपाचं टोक त्यात मिनिटभर बुडवलं. कडक नळी लोण्यासारखी मऊ झाली आणि जॉइनर दाबला तसा शेवटपर्यंत आत गेला. दोन्ही नट हातानेच आवळले. नळापाशीही थोडं पाझरत होतं, तिथला चपटा झालेला वायसर बदलला.

नळ सोडला, नोझल बंद ठेवला. जॉइनरवरून बोट फिरवलं, कोरडं.

"तांब्या ठेव बरं खाली," अण्णा म्हणाले. "दहा मिनिटं."

ठेवला. तिकडे आई जेवायला हाका मारत होती, तरी ते उठले नाहीत. दहा मिनिटं आम्ही दोघं त्या कोरड्या तांब्याकडे बघत बसलो.