अकराशेची बॅटरी आणि माझं तोंड

आमच्या कराडकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी फसलो.

साल असेल २००४. स्टँडजवळच्या आमच्या गाळ्यात वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं टेबल होतं, त्याच्याच निम्म्या भागावर मी मोबाईल उघडायला लागलो होतो. एक शेतकरी आले, नोकिया ११०० काऊंटरवर ठेवला आणि म्हणाले, "बॅटरी लागंना झालीय." मी मागचं झाकण काढलं, बीएल-५सी बॅटरी नवी टाकली, फोन चालू करून दाखवला. ते माझ्याकडे बघत राहिले. "ही नव्हं ओ. वरची!"

वरची म्हणजे फोनच्या डोक्यावरचा टॉर्च. बघतो तर त्याच्या भिंगावर चिखलाचा थर वाळून बसलेला. थिनरमध्ये कापूस बुडवून पुसला, सी बटण दाबून धरलं, लख्ख उजेड. पैसे घेतले नाहीत. घ्यायचे कशाचे? ते सांगत होते, शेतीची लाईट रात्रीच येते, उसाला पाणी पाजायला, म्हणजे दारं धरायला, जावं लागतं, एका हातात खोरं असतं. दुसऱ्या हातात बॅटरी धरायची का मोबाईल? आता एकातच दोन्ही. "कंपनीवाल्यानं कधी दारं धरल्याली दिसत्यात," असं म्हणून ते निघून गेले. या कंपनीबद्दल ऐकलेलं इतकं नेमकं मत मला नंतर कुठे वाचायला मिळालं नाही.

२००३ साली निघालेला हा फोन भारतासारख्या देशांसाठीच घडवलेला होता. धूळ आत जाऊ नये म्हणून बटणांचा पट्टा सलग रबरी, घामट हातातून निसटू नये म्हणून कडेला खरबरीत पकड. रंगीत स्क्रीन नाही, कॅमेरा नाही. जगभरात पंचवीस कोटींच्या वर खपला. आम्ही त्याला अकराशे म्हणायचो. टी-६ चा स्क्रू-ड्रायव्हर लावून उघडला की आत फारसं काही नाहीच, आणि जे आहे ते जागच्या जागी. आमच्या धंद्याच्या दृष्टीनं वाईट फोन. खराब व्हायलाच तयार नाही.

लोकांचा जीव किती होता त्या नावावर! बॅटरीखालचं लेबल वाचून घ्यायचे. 'मेड इन फिनलंड' दिसलं की खूश. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला २००६ मध्ये कारखाना सुरू झाला, मग 'मेड इन इंडिया' दिसायला लागलं, तेव्हा काही गिऱ्हाइकं नाक मुरडायची. फोन तोच, लेबल वेगळं. पण मत लेबलवरून ठरायचं.

ऑगस्ट २००७ मध्ये मात्र गोंधळ उडाला. जपानच्या मात्सुशिता कंपनीनं बनवलेल्या चार कोटी साठ लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यावर तापू शकतात, असं नोकियानं स्वतःच जाहीर केलं आणि बदलून द्यायची तयारी दाखवली. बातमी टीव्हीवर आली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात रांग. बॅटरीवरचा सव्वीस अक्षरांचा नंबर वेबसाईटवर टाकायचा, मग आपली त्यातली आहे का ते कळायचं. मी भिंग लावून नंबर वाचायचो, शेजारच्या सायबर कॅफेतला पोरगा टाईप करायचा. एका आजींनी बॅटरी पाण्याच्या तांब्यात घालून आणली होती, फुटू नये म्हणून.

एवढं होऊनही लोक नोकियावर चिडले नाहीत, हे मला आजही विशेष वाटतं. चूक सांगितली, निस्तरली, मिटलं. त्या वर्षाअखेरीस जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा मोबाईलपैकी जवळपास चार नोकियाचे होते.

आणि त्याच वर्षी जानेवारीत आयफोन जाहीर झाला होता.

काऊंटरवर बसणाऱ्याला वारा आधी लागतो. २००९-१० च्या सुमाराला कॉलेजची पोरं दुरुस्तीला फोन द्यायची आणि तो माझ्या हाती देण्याआधी त्यांची बोटं नकळत, टचस्क्रीन असल्यासारखी, त्याच्या काचेवर सरकायची. बटणं दिसत असूनही! मला तेव्हा अर्थ लागला नाही. सिंबियनवरच्या, म्हणजे नोकियाच्या स्मार्टफोनमधल्या जुन्या सॉफ्टवेअरवरच्या, फोनमध्ये एक गोष्ट करायला चार मेन्यू उघडावे लागतात, असं तीच पोरं म्हणायची.

मग हे फिनलंडमधल्या एस्पूत नोकियाच्या मुख्य कचेरीत बसलेल्यांना कळत नव्हतं का? माझा भाचा हिंजवडीत आयटीत आहे. त्यानं मला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातले टिमो वुओरी आणि इन्सीड या मॅनेजमेंट शिकवणाऱ्या संस्थेचे क्वी हुई यांनी नोकियातले वरचे नि मधले अधिकारी, इंजिनिअर आणि बाहेरचे जाणकार अशा ७६ जणांच्या मुलाखती घेतल्या. २०१६ मध्ये तो छापून आला. त्यांचं म्हणणं असं की खालच्यांना कळत होतं. पण साहेब भडकतील, आपल्याला बाजूला सारतील, या भीतीनं मधली माणसं वर खरं सांगत नव्हती. वरचे घाबरलेले प्रतिस्पर्ध्यांना नि शेअरवाल्यांना, म्हणून तेही घाई लावायचे. सिंबियन अजून तयार नाही, हे वाक्य जिन्यातच अडकायचं.

भाचा म्हणाला, "मामा, आमच्याकडं याला कलिंगड म्हणतात. रिपोर्ट बाहेरून हिरवागार, आतून लाल."

मी हसलो आणि मग हसू आवरलं. कारण मला आमच्या दुकानातला पोरगा आठवला. नवीन कामाला लागला होता, हॉट गन, म्हणजे गरम हवेनं पार्ट सोडवायचं यंत्र, शिकत होता. एका गिऱ्हाइकाचा बोर्ड त्यानं जास्त तापवून करपवला, आणि मला न सांगता फोन बंद करून 'पार्ट येणार आहे'च्या डब्यात टाकला. अकरा दिवस! मी रोज विचारायचो, तो रोज म्हणायचा, "पार्ट यायचाय दादा." शेवटी गिऱ्हाईक माझ्या अंगावर आलं. पोराला विचारलं, आधी का नाही बोललास? तो म्हणाला, "तुम्ही मागल्या वेळी सगळ्यांसमोर बोलला होता." एका रिबनवरून, म्हणजे फोनमधल्या चपट्या वायरवरून, बोललो होतो. चाळीस रुपयांच्या.

स्टीफन एलॉप २०१० मध्ये नोकियाचे प्रमुख झाले, २०११ मध्ये त्यांनी सिंबियन सोडून मायक्रोसॉफ्टच्या विंडोजची वाट धरली, आणि एप्रिल २०१४ मध्ये मोबाईलचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. श्रीपेरुंबुदूरचा कारखाना कराच्या वादात अडकल्यामुळे त्या व्यवहाराबाहेर राहिला आणि १ नोव्हेंबर २०१४ ला बंद पडला. टेलिकॉमच्या यंत्रणा बनवणारी नोकिया आजही आहे. पण माझ्या गिऱ्हाइकांच्या लेखी ती गेली.

बीएल-५सी मात्र गेली नाही. हरिपाठ नि भजनं वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरमध्ये अजून तीच लागते. मागच्या आठवड्यात एक काका तीच मागायला आले. खण रिकामा. मी पोराकडे बघितलं. आता तो पोरगा कसला, दोन लेकरांचा बाप आहे.

"संपल्यात दादा. सोमवारी मागवायच्या होत्या, मी विसरलो," तो सरळ म्हणाला, काकांच्या देखत.

मी त्याला काही बोललो नाही. म्हणजे बोललो, पण काका गेल्यावर.