कौतुक पचत नाही तेव्हा

आज मीटिंगमध्ये साहेबांनी माझ्या रिपोर्टचं कौतुक केलं. मनात पहिलं आलं ते हे, की नीट वाचलेला दिसत नाही. याच माणसाने मागे माझ्या कामातली चूक काढली होती, तेव्हा मात्र 'वाचलंय का नीट' ही शंका मला शिवलीही नाही. टीका बिनबोभाट आत येते, कौतुकाची उलटतपासणी होते.

काउन्सेलरने सुरुवातीला रोझेनबर्ग यांची, माणूस स्वतःला किती मोलाचं मानतो ते मोजणारी प्रश्नावली भरून घेतली होती. 1965 सालची, फक्त दहा वाक्यांची. आपण निदान इतरांइतके तरी मोलाचे आहोत असं वाटतं का, या धर्तीची विधानं. सोपं काम, पण त्या एका वाक्यावर पेन बराच वेळ अडलं होतं.

तेव्हापासून प्रश्न डोक्यात आहे: स्वतःची किंमत कमी वाटते म्हणून डिप्रेशन गाठतं, की डिप्रेशनमुळे ती किंमत घसरते? सोविस्लो आणि ऑर्थ या संशोधकांनी 2013 मध्ये 77 अभ्यास एकत्र तपासले, सगळे त्याच माणसांना काही काळाने पुन्हा गाठणारे. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या, पण पहिलीचा जोर दुसरीच्या साधारण दुप्पट. अर्थात दुप्पट म्हटलं तरी परिणाम मुळात लहानच. आनुवंशिकता, आजारपण, जवळचं माणूस जाणं, एकटेपणा हे सगळं असतंच. स्वतःबद्दल फारसं बरं न वाटणारी कितीतरी माणसं डिप्रेशनमध्ये जात नाहीत. ('आत्मविश्वास वाढवा, नैराश्य पळवा'वाले हे कधी सांगत नाहीत.)

माझी गाडी घसरते ती लोकांकडून खात्री करून घेण्यात. मैत्रिणीचं उत्तर नुसतं 'हं' आलं, की माझं सुरू. रागावलीस? नाही गं. नक्की ना? हो. मग असं का लिहिलंस? याचं उत्तर उशिरा येतं, आणि मी म्हणते, बघ, वाटलंच होतं. डिप्रेशनमधल्या माणसांबाबत मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन यांनी 1976 मध्येच हे चक्र मांडलं होतं: खात्री मागत राहिलं की समोरचा दमतो, दूर सरकतो, आणि नसलेलं अंतर खरंच पडतं. वर रात्री तोच संवाद घोळवत बसणं आलंच.

आरशासमोर 'मी खूप छान आहे' म्हणायचा उपाय मला झेपत नाही. आतून लगेच कुणीतरी 'हो का?' विचारतं. काउन्सेलर म्हणतात, 'मी निकामी आहे' असं वाटलं की ते खोडत बसू नकोस, कशावरून वाटलं तेवढं लिही. आज लिहिलं: 'हं'वरून. वाचून हसूच आलं. मात्र हा विचार दोन आठवडे जवळजवळ रोज ठाण मांडून बसला, झोप-भूक बिघडली, कशातच रस उरला नाही, तर वहीवर भागवायचं नाही, लगेच फोन करायचा, असं आमचं ठरलंय. एरवी पुढची भेट गुरुवारी. खात्री मागण्याचा विषय तेव्हा काढायचाय.