नागपूर ते लेह: हवेत तीन तास, हिशोब मात्र रात्रभराचा

नागपूर ते लेह सरळ हवाई अंतर साधारण १४६० किलोमीटर. थेट विमान नाही, दिल्लीला बदलावंच लागतं. पण दिल्ली जवळजवळ वाटेवरच आहे: नागपूर-दिल्ली ८५५, दिल्ली-लेह ६२०, म्हणजे वळसा जेमतेम पंधरा-वीस किलोमीटरचा. वेळापत्रकात पहिला टप्पा पावणेदोन तासांच्या आसपास, दुसरा सव्वा ते दीड तासाचा. तरी संध्याकाळी ७ ला घर सोडलं तर लेहला उतरेपर्यंत सकाळचे ७-८ वाजतात.

याचं कारण लेहचा वारा. विमानतळ ३२५६ मीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर. त्यामुळे विमानं साधारणपणे एका बाजूने उतरतात आणि तोंड फिरवून आल्या दिशेनेच उडतात. दुपारी खोऱ्यात वारा चढतो आणि उतरणाऱ्या विमानाच्या पाठीशी येतो. शिवाय ऊन तापलं की आधीच विरळ असलेली हवा आणखी विरळ होते, विमानाला वजन पेलवत नाही. म्हणून बहुतेक फेऱ्या सकाळी उरकतात. दिल्लीहून निघायला दोन-तीन तास उशीर झाला तर फेरी रद्दच होऊ शकते. कधी लेहवर पोचलेलं विमानही ढगांमुळे न उतरता परत फिरतं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या पहाटेच्या धुक्याने हा धोका वाढतो, तेव्हा पहिल्या फेरीपेक्षा ८-९ ची बरी.

नागपूरहून रात्रीचं शेवटचं विमान धरू नका, त्याच्या आधीचं धरा. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर काढा आणि नागपूरच्या काउंटरवर सामानाचा टॅग थेट लेहचा लागलाय का, हे स्वतः वाचा. वेगळी तिकिटं असतील तर दिल्लीत बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि पहिलं विमान चुकलं तर दुसऱ्याचे पैसे बुडाले समजा. टर्मिनल १ आणि ३ मध्ये काही किलोमीटरचं अंतर आहे. बदल असेल तर किमान ३ तास हाताशी हवेत.

दिल्ली-लेहला डावीकडची खिडकी घ्या. सकाळचं ऊन उजवीकडून डोळ्यांवर येतं. उतरताना चिवड्याची पाकिटं टम्म फुगलेली दिसतील: इतर ठिकाणी विमान खाली येताना केबिनमधला दाब वाढतो, इथे तो आणखी कमी करावा लागतो, कारण बाहेरच हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश.

नागपूर ३१० मीटरवर. म्हणजे एका रात्रीत जवळपास तीन किलोमीटर वर. पहिले दोन दिवस खारदुंगलासारखी आणखी उंचावरची खिंड वगैरे नाही. पाणी भरपूर, दारू बंद, आणि उंचीच्या त्रासाची गोळी घ्यायची तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर तिकिटाआधी डॉक्टर. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड न्या. विमानतळावर फोटो काढू नका, हवाई दलाचा तळ आहे.

परतीला वजनाची अडचण जास्त, कारण उड्डाण तिथून असतं. कधी एखाद-दुसरी बॅग मागच्या विमानाने येते. औषधं आणि चार्जर हातातल्या पिशवीतच ठेवा. दिल्ली-नागपूरचं वेगळं तिकीट असेल तर ते दुसऱ्या दिवशीचं काढा, निदान रात्रीचं तरी.