नेपाळहून सेवा करून परतताना: दाउन्नेचा घाट आणि ‘डायरेक्ट गोरखपूर’चं तिकीट

आम्ही नाशिकच्या एका चर्चच्या मंडळीतले पाच जण २०२५ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे नेपाळमध्ये सेवेला होतो. चितवन जिल्ह्यात मुगलिंग-नारायणगढ रस्त्याच्या वर डोंगरात चेपाङ लोकांची गावं आहेत, तिथे. दिवस चांगले गेले, लोक चांगले, जेवण दाल-भात, त्यावर जास्त लिहीत नाही. लिहायचंय ते परतीच्या प्रवासावर, कारण जायच्या आधी आम्हाला सगळ्यांनी जायचं कसं ते सांगितलं, परतीचं कुणीच सांगितलं नाही.

पहिली चूक, सोमवारी सकाळी नारायणगढहून निघून त्याच संध्याकाळी गोरखपूरहून कुशीनगर एक्सप्रेस धरायची असं ठरवलं. नकाशावर नारायणगढ ते बुटवल जेमतेम ११५ किलोमीटर, पुढे भैरहवा आणि सुनौली बॉर्डर तासाभराची, तिथून गोरखपूर शंभरेक किलोमीटर. बसच्या तिकीट काउंटरवरचा माणूस म्हणाला डायरेक्ट गोरखपूर, दुपारी दोनला सोडतो. आम्ही विश्वास ठेवला.

मधे दाउन्नेचा घाट आहे. रस्ता रुंद करायचं काम कित्येक वर्षं चालू होतं, एक बाजू खोदलेली, दुसऱ्या बाजूने दोन्हीकडचे ट्रक, आणि आदल्या रात्री पाऊस झालेला. चिखल म्हणजे आपल्याकडचा पावसाळ्यातला चिखल नाही हो, टायर अर्धा आत जातो आणि मागची गाडी पुढे सरकते म्हणून तुम्हीही सरकता, एवढंच. साडेनऊला घाटाच्या पायथ्याशी होतो, वर पोचायला दीड वाजला. एसी म्हणून विकलेल्या बसचा एसी इंजिन बंद केल्यावर बंदच, खिडक्या उघडत नाहीत, आमच्यातल्या एका मावशींना उलट्या सुरू झाल्या. मी खाली उतरून बघितलं तर एका ट्रकचा ड्रायव्हर चाकाखाली हाताने दगड लावत होता, कोपरापर्यंत चिखल, आणि मला बघून तोच म्हणाला, ‘दिदी, गाडीमै बस्नुस्, ढुंगा खस्छ’, म्हणजे दगड घसरतात, आत बसा. त्याचा स्वतःचा पाय त्या दगडापासून वीतभर.

रेल्वे चुकणार हे बाराला कळलं होतं. तिकीट तेव्हा रद्द केलं असतं तर कन्फर्म तिकिटाचे अर्धे पैसे तरी परत आले असते, तेव्हाच्या नियमाने चार तासांच्या आत गेलं की काहीच मिळत नव्हतं. पण नेपाळी सिमवर ओटीपी येईना, भारतीय सिमला रेंज नाही. म्हणून सांगते, रेल्वेच्या अ‍ॅपचं लॉगिन घरच्या कुणाला तरी देऊन ठेवा आणि ठरवून ठेवा, अमुक वाजेपर्यंत माझा फोन नाही आला तर तिकीट रद्द कर. आमचे पाच जणांचे पैसे बुडाले.

बस भैरहव्याला थांबली आणि म्हणे उतरा. डायरेक्ट वगैरे काही नव्हतंच. उरलेल्या पैशांवरून वाद घातला, काही हाती लागलं नाही. सरळ सांगते, नेपाळच्या आतून ‘डायरेक्ट गोरखपूर’ असं तिकीट घेऊ नका, भैरहव्यापर्यंतचं घ्या, पुढे बॉर्डरवर जा, चालत ओलांडा आणि सुनौलीच्या, म्हणजे भारताच्या, बाजूला यूपी रोडवेजची बस बघा. सायकलरिक्षावाल्याने बॅगांचे वेगळे आणि माणसांचे वेगळे लावले, चढायच्या आधी एकच आकडा बोलून घ्या आणि भारतीय की नेपाळी तेही बोलून घ्या. पैसे बदलताना शंभर भारतीय म्हणजे १६० नेपाळी हे डोक्यात पक्कं ठेवा, कमिशन किती ते आधी विचारा. आम्ही २०२५ मध्ये गेलो तेव्हा शंभराच्या वरची भारतीय नोट तिकडे बेकायदा होती, शंभराच्याच न्याव्या लागायच्या. घड्याळ बॉर्डरला पंधरा मिनिटं मागे येतं, त्या पंधरा मिनिटांवर गाडीचा हिशोब करू नका.

गोरखपूरला रात्री पोचलो. मंगळवारच्या गाडीचं तत्काळ सोमवारी सकाळीच संपलेलं. मंगळवारी खिडकीवर उभं राहून बुधवारचं स्लीपर मिळालं. दोन रात्री लॉजच्या, त्या उकाड्यात. त्यामुळे माझं म्हणणं एकच, बॉर्डर आणि गाडी यांच्यात पूर्ण एक रात्र ठेवा. म्हातारी माणसं असतील तर दोन. पावसाळा लागल्यावर तर दाउन्ने धरूच नका, सरळ काठमांडूहून विमान करा. विमानाला पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसांना आधार चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं.

एक गोष्ट रस्त्याची नाही पण सांगितलीच पाहिजे. नेपाळच्या राज्यघटनेत आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यात धर्मांतर करवणं गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. आम्ही चर्चचं छप्पर दुरुस्त केलं, बायकांना शिवण शिकवलं, मुलांचा अभ्यास घेतला, शनिवारी (तिथे उपासना शनिवारी असते, आम्ही होतो तेव्हा सुट्टीचा वार तोच) त्यांच्यात बसून प्रार्थना केली. धर्मप्रचाराची पत्रकं बॅगेत भरून नेणाऱ्यांना हात जोडून सांगते, नेऊ नका. तुम्ही सहा आठवड्यांनी घरी याल, पोलिसांना उत्तर तिथल्या चर्चच्या पाळकांना (धर्मगुरूंना) द्यावं लागेल. आणि परतल्यावर तिथल्या मुलांचे फोटो नावगावासकट ग्रुपवर टाकू नका.

गुरुवारी संध्याकाळी भुसावळ आलं आणि आमच्या डब्यात सगळे गप्प झाले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इकडच्याच वरणगाव-भुसावळ भागातल्या यात्रेकरूंची बस नेपाळच्या तनहुँ जिल्ह्यात मर्स्याङ्दी नदीत कोसळली, २७ माणसं गेली. तीच मर्स्याङ्दी मुगलिंगला त्रिशूली नदीला मिळते, आणि आम्ही सहा आठवडे त्याच त्रिशूलीच्या काठाने ये-जा केली. त्याच्या दीडेक महिना आधी सिमलतालला दरड आली आणि दोन बसगाड्या माणसांसकट त्रिशूलीत गेल्या, ती जागा आमच्या गावाच्या रस्त्यावरच. मावशींनी खिडकीतून प्लॅटफॉर्मकडे बघत प्रार्थना केली, मोठ्याने नाही. चिडचिड करत होते मी तीन दिवस, ती तिथे थांबली.

रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी साक्ष द्यायला, म्हणजे तिथला अनुभव सगळ्या मंडळीपुढे सांगायला, उभं केलं. घरी येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते, अंग मोडलेलं, आणि माझ्या तोंडून फक्त घाट, चिखल, तिकीट. त्या लोकांबद्दल एक वाक्य धड आलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. जाणाऱ्यांनी आधीच सांगून ठेवा की साक्ष दोन-तीन रविवारनंतर. मंडळीनेही तेवढी कळ काढावी.

निघताना तिथल्या एका आमांनी (नेपाळीत आमा म्हणजे आई) मला चिउरीच्या झाडाच्या फुलांचा मध दिला होता, कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत, झाकणावर सायकलच्या ट्यूबचं रबर घट्ट गुंडाळून. दाउन्नेत सगळ्या बॅगा आपटल्या, माझा चष्मा मोडला, मधाचा एक थेंब सांडला नाही. तिसऱ्या रविवारी मी ती बाटली घेऊन उभी राहिले आणि मग त्या आमांबद्दल बोलता आलं.