किल्ली कोणाकडे?

बायबलच्या तासाला बाई उपदेश फारसा करत नसत. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायावर मात्र त्या चांगल्याच रेंगाळल्या. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समुदायात, रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी कुरकुर सुरू झाली. सगळ्यांचं सगळं सामायिक असल्याचं वर्णन चौथ्या अध्यायात आहे; त्यानंतर लगेच ही तक्रार! प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, मंडळीलाच या वाटपासाठी सात जण निवडायला सांगितलं. बाईंनी नावं फळ्यावर लिहिली : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार, बहुधा त्यांच्याच हाती वाटप.

त्याच सुमारास वसतिगृहातली मुलं वर्ग-ग्रंथालयाबद्दल धुसफुसत होती. चांगली पुस्तकं आम्ही घरून येणारे आधी पळवायचो, त्यांच्या वाट्याला पानं सुटलेल्या प्रती. बाईंनी कपाटाची किल्ली त्यांच्यातल्याच दोघींना दिली. "आता त्या आपल्याच लोकांना देतील," आम्ही म्हणालो. "इतके दिवस काय चाललं होतं?" एवढंच बाई म्हणाल्या. पुढे एक जाडजूड शब्दकोश हरवला. आम्हाला वाटलं, आता किल्ली परत येणार. बाईंनी नोंदवहीत "गहाळ" लिहून सही केली आणि किल्ली होती तिथेच राहिली.

प्रेम म्हणजे मदत, एवढंच तोवर ठाऊक होतं. मदतीत देणारा वरच राहतो, त्याचं विशेष काही जात नाही. आज मंडळीच्या कमिटीवर असताना हे रोज दिसतं. नवीन कुटुंबाचं स्वागत टाळ्यांनी होतं, त्यांच्यासाठी प्रार्थनाही होते. पण अर्पणाचे पैसे मोजायला त्यांना बसवू या म्हटलं, की घसे खाकरले जातात. (माझाही खाकरतो कधी कधी.) सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा देऊ नका, असं नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोबाने बजावलंय. ते पाळणं त्यामानाने सोपं. खुर्ची पुढे सरकवली की झालं.

त्या सातांपैकी फिलिप्पाला नेमलं होतं वाटपासाठी. आठव्या अध्यायात तो रानातल्या वाटेवर एका कूशी (म्हणजे इथिओपियाच्या) षंढाच्या रथात बसलेला सापडतो. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या नियमांच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायाप्रमाणे अशा माणसाला परमेश्वराच्या सभेत प्रवेश नव्हता. वाटेत पाणी दिसताच त्या षंढाने विचारलं, मला बाप्तिस्मा घ्यायला हरकत काय? फिलिप्पाने यरुशलेमेला निरोप धाडून परवानगी मागवली नाही. दोघंही पाण्यात उतरले.